बॅगेतले मानकरी

नवं गॅझेट घेण्यात मजा आहेच, पण ते सहा महिन्यांनीही बॅगेत सापडलं तर खरी मजा! भाव खाण्यापेक्षा कामाला येणाऱ्या, रोजच्या धावपळीत टिकून राहिलेल्या काही वस्तूंची ही वशिला न चालणारी हजेरी.

ऑफिसात कुणी नवं गॅझेट आणलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी ते डेस्कवर दर्शनाला ठेवलं जातं. येणारा-जाणारा हाताळतो, किंमत विचारतो, ‘ऑनलाइन स्वस्त पडलं असतं’ असं सांगून मालकाचा मूड घालवतो. दुसऱ्या आठवड्यात त्याचा चार्जर घरी राहतो. महिन्याभरात ते ड्रॉवरमध्ये जातं आणि तिथून थेट दिवाळीच्या साफसफाईत बाहेर येतं. कुठलंही ‘टॉप टेन गॅझेट्स’ वाचा, त्यातल्या निम्म्या वस्तूंचं नशीब हेच.

मी मात्र गॅझेटची परीक्षा डेस्कवर घेत नाही, बॅगेत घेते. ठाणे ते करी रोड, लेडीज डबा, सकाळची वेळ. बॅग पाठीवर नाही, तर लेकरासारखी पोटाशी धरलेली. तिथे शंभर ग्रॅम जास्त झाले तरी खांद्याला कळतात. त्यामुळे नियम सोपा आहे. तीन महिन्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही, ती बॅगेतून बाहेर. मग ती कितीही कूल असो, वाढदिवसाला कुणीही दिलेली असो. हा नियम लावला की भले भले गळतात बॉस! उरतात त्या वस्तू दिसायला बऱ्याचदा अगदीच बिच्चाऱ्या असतात.

आणि हा नुसता हौसेचा मामला राहिलेला नाही. २०१६ला यूपीआय आलं आणि आपण हळूहळू पाकीट बाळगणंच सोडून दिलं. भाजी, रिक्षा, कटिंग चहा, सगळं फोनवर. मेट्रोचं तिकीट फोनवर, लोकलचा पास फोनवर, कॅब फोनवर, आणि घरच्यांचे नंबर तर आईशपथ एकही पाठ नाही. फोन बंद पडला तर टीसीच्या लेखी तुम्ही विनातिकीट, रिक्षावाल्याच्या लेखी कडकी आणि घरच्यांच्या लेखी बेपत्ता. रात्री अकराला स्टेशनबाहेर काळा पडलेला फोन हातात धरून उभ्या असलेल्या मुलीला विचारा, कुठलं गॅझेट सगळ्यात भारी. ती कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नक्कीच सांगणार नाही.

शिदोरी हवीच

म्हणून पहिला मान पॉवर बँकेचा. हिच्यात ग्लॅमर शून्य. ना स्क्रीन, ना आवाज, ना इन्स्टावर टाकावा असा फोटो. पण माझ्या बॅगेतून सगळ्यात जास्त वेळा उसनी मागितली जाणारी वस्तू हीच. छत्रीपेक्षाही जास्त. फरक एवढाच की छत्री परत येत नाही, पॉवर बँक रिकामी होऊन येते.

खरेदीची गंमत मात्र समजून घ्या. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं आणि आपल्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची. आपण तोंडी गणित करतो, दोन वेळा फुल्ल. प्रत्यक्षात फोन एकदा भरतो, दुसऱ्यांदा निम्म्यावर येऊन थांबतो आणि आपण दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो. दुकानदार बिचारा फसवत नसतो. तो १०,००० आकडा आतल्या सेलचा आहे, ३.७ व्होल्टवरचा. बाहेर येणारी वीज ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त असते. व्होल्ट वाढवायचे तर एमएएच कमी होणार, आणि या रूपांतरात थोडी वीज उष्णता होऊन उडून जाणार. म्हणून पाठीमागे अगदी बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ नावाचा दुसरा आकडा असतो. १०,०००च्या पॉवर बँकेवर तो साधारण सहा हजारांच्या आसपास दिसतो. खरा पगार तोच. खोक्यावरचा आकडा म्हणजे सीटीसी, आणि रेटेड कपॅसिटी म्हणजे हातात येणारी रक्कम! नोकरदारांना हा फंडा वेगळा समजवायला नको.

यात आणखी प्रामाणिक माप हवं असेल तर ते वॉट-अवर. १० एएच गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॉट-अवर. आजच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-अवरची. मधली गळती धरली की दीड चार्ज. बस. रोजच्या प्रवासाला एवढं पुष्कळ झालं. २०,०००चा दगड घेऊ नका, असं मी मैत्रिणींना सांगते. तो जवळजवळ दुप्पट जड असतो, स्वतः चार्ज व्हायला रात्र घेतो, आणि मग ‘आज राहू दे’ म्हणून घरीच राहतो. घरी राहिलेल्या २०,०००पेक्षा बॅगेतली १०,००० केव्हाही श्रेष्ठ. ट्रेकला किंवा गावी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

विमानानं जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, सोबतच्या बॅगेतच ठेवायची. आणि सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. म्हणजे २७,००० एमएएचपर्यंत. त्याच्या वरची असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं.

हे नियम उगाच नाहीत. लिथियमची बॅटरी म्हणजे थोड्याशा जागेत कोंबून भरलेली ऊर्जा. आतले दोन थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये एक पातळ पापुद्रा असतो. तो फाटला की आत शॉर्टसर्किट, त्यानं उष्णता, त्या उष्णतेनं आणखी उष्णता. २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियाच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. माणसं सगळी वाचली, विमान जळालं. तपास करणाऱ्यांनी बोट दाखवलं ते डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेकडे. त्याच वर्षी जूनमध्ये अँकर या नावाजलेल्या कंपनीनं एकट्या अमेरिकेतून ११ लाखांहून जास्त पॉवर बँका परत मागवल्या. कारण तेच, पेटण्याचा धोका. चांगल्या घरच्या पोरांचंही कधी कधी बिनसतं, ते असं.

ज्यांना आठवत असेल त्यांना २००७चा ऑगस्टही आठवेल. नोकियानं जाहीर केलं की बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपैकी काही चार्ज होताना तापू शकतात. बास! अख्खा देश फोनची पाठ उघडून बॅटरीवरचा नंबर वाचत बसला होता. कॉलेजच्या कट्ट्यावर, बँकेच्या रांगेत, देवळाच्या ओट्यावर. त्या वेळी निदान पाठ उघडता तरी यायची. आता फोन सीलबंद, आणि खिशातली पॉवर बँक कुठल्या कारखान्यातून आली हे देव जाणे.

म्हणून स्टेशनबाहेर दोनशे रुपयांत मिळणाऱ्या पॉवर बँकेच्या वाटेला मी जात नाही. कव्हर घ्या, टेम्पर्ड ग्लास घ्या, हेअरक्लिपा तर जरूर घ्या, पण बॅटरी नको. भारतात पॉवर बँकेवर बीआयएसची खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणं सक्तीचं आहे. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचं काम आहे. आणि पॉवर बँकेचं पोट फुगलेलं दिसलं तर तिला त्या क्षणापासून वापरायचं नाही. ‘अजून चालतेय ना’ हा आपला राष्ट्रीय मंत्र इथे अजिबात लावू नका.

वायरीची जातपात

गॅझेटच्या दुनियेत वायरीइतका अपमान कुणाचाच होत नाही. हजारोंचा फोन घेणारा माणूस वायर मात्र डब्यात आलेल्या फेरीवाल्याकडून घेतो आणि मग ‘फोन स्लो चार्ज होतोय’ म्हणून सर्व्हिस सेंटरला जातो.

जुने दिवस आठवा. नोकियाची जाड पिन, नोकियाची बारीक पिन, बाकीच्यांच्या तऱ्हेतऱ्हेच्या चपट्या पिना. ऑफिसात ‘बारीक पिन आहे का कुणाकडे?’ ही हाक दुपारी चारला हमखास यायची. आता बहुतेक नव्या फोनना यूएसबी-सी. २०२३मध्ये आयफोननंही तीच पकडली आणि २८ डिसेंबर २०२४पासून युरोपीय संघानं नव्या फोन, टॅब्लेट, हेडफोनसाठी ती सक्तीचीच केली. भोक एक झालं, वाद मिटला, असं वाटलं होतं.

पण नाही! भोक एक झालं, तरी वायरींच्या आतल्या जाती वेगळ्याच राहिल्या. दिसायला जुळ्या बहिणी असलेल्या दोन यूएसबी-सी वायरींपैकी एक ६० वॉटपर्यंतच वीज नेते, दुसरी २४० वॉटपर्यंत. जास्त वीज नेणाऱ्या वायरीच्या टोकात एक इवलीशी चिप असते, ती चार्जरला सांगते की ‘मी झेपवेन, सोड बिनधास्त’. चिप नसली की चार्जर आपोआप हात आखडता घेतो. फाइलींचंही तसंच. अनेक चार्जिंगच्या वायरी आजही ४८० मेगाबिटच्या जुन्या वेगानंच डेटा नेतात. लग्नाचा व्हिडिओ हार्ड डिस्कवर टाकायला बसलात आणि दुपारची संध्याकाळ झाली, तर दोष डिस्कचा नसून बहुधा वायरीचा असतो.

माझ्याकडे आता बॅगेत एकच वायर. शंभर वॉटची, कापडी वेष्टनाची, दीड मीटर. एक मीटरची वायर कॅफेत कधीच प्लगपर्यंत पोहोचत नाही, हा माझा स्वतःचा सिद्धांत आहे. सोबत एकच चार्जर, ६५ वॉटचा, दोन भोकांचा, साबणाच्या वडीएवढा. लॅपटॉपही त्यावर, फोनही त्यावर. पूर्वी लॅपटॉपच्या चार्जरची वीट वेगळी आणि तिची शेपटी वेगळी सांभाळावी लागायची. हा एवढा लहान कसा? तर आत सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड आहे, ज्याला सगळे ‘गॅन’ म्हणतात. त्याचे स्विच फार वेगानं उघड-झाप करतात, त्यामुळे आतली गुंडाळी लहान चालते आणि उष्णताही कमी होते. सायन्सचा तास संपला. मुद्दा हा की खांद्यावरचा भार खरोखर कमी झाला, आणि माझ्या लेखी गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा शोध हाच. तुमचं एआय-बिआय नंतर.

कानाशी खेळ नाही

नॉइज कॅन्सलिंगची जन्मकथा मला भारी आवडते. अमर बोस नावाचे प्राध्यापक १९७८मध्ये युरोपातून अमेरिकेला परतत होते. वडील बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले. विमानात मिळालेले हेडफोन बोस यांनी लावले आणि इंजिनाच्या घरघरीपुढे त्यांना गाणं काही नीट ऐकू येईना. आपण काय केलं असतं? हवाईसुंदरीकडे तक्रार. त्यांनी तिथेच कागद काढून गणित मांडायला घेतलं. त्यातून आधी १९८९मध्ये वैमानिकांसाठी हेडसेट आला आणि २०००मध्ये तुमच्या-आमच्यासाठी हेडफोन.

तत्त्व साधं आहे. बाहेरचा आवाज छोटा माइक टिपतो, आतली चिप त्याच्या बरोब्बर उलटी लाट तयार करते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खातात. पण ही खादाडी चालते ती सलग, खर्जातल्या आवाजावर. म्हणजे लोकलच्या मोटरची घुंई, डोक्यावरच्या पंख्यांची घरघर, ऑफिसच्या एसीचा सूर, हे सगळं गायब. अचानक येणारे उंच आवाज मात्र बरेचसे आत शिरतात. चौथ्या सीटवरून पेटलेलं भांडण अजूनही स्पष्ट ऐकू येतं, काळजी नसावी.

आता मी हे इअरबड्स ‘मस्ट’ का म्हणते? गाणी छान वाजतात म्हणून नाही. कारण उलट आहे, आवाज कमी ठेवता येतो. लोकलमध्ये साधे इअरफोन लावले की गाडीच्या आवाजावर मात करायला आपण व्हॉल्यूम वाढवत वाढवत टोकाला नेतो. कल्याण-कर्जतच्या पुढून येणाऱ्यांचा हा रोज दीड-दोन तासांचा कार्यक्रम. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगतो की ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, पण तोच ९० डेसिबल झाला की सुरक्षित वेळ फक्त ४ तासांवर येते. ४०चे ४! आकड्यात फरक दहाचा वाटतो, कानावर पडणारी ऊर्जा मात्र दहापट होते. आणि आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आमच्या फ्लोअरवर तिशीतले दोघं जण आहेत, मीटिंगमध्ये हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. एकाला कानात सतत शिट्टी वाजल्याचा भास होतो. दोघांचाही वर्षानुवर्षांचा लोकलचा पास आणि फुल्ल व्हॉल्यूम.

बहुतेक फोनमध्ये आता ऐकण्याचा आवाज किती डेसिबल आहे ते दिसतं आणि वरची मर्यादाही बांधता येते. एकदा सेट करून विसरून जा. इअरबड्सबरोबर डबीत येणारे तीन मापांचे रबर ट्राय करून बघा, कारण रबर सैल बसला तर महागातली चिपही काही करू शकत नाही. दोन कानांना दोन मापं लागली तर घाबरू नका, बऱ्याच जणांचं तसंच असतं.

पण एक कळीची गोष्ट. स्टेशनवर आणि रस्त्यावर हे काढा, किंवा बाहेरचं ऐकू येण्याचा मोड लावा. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ या एका वर्षात अडीच हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा होता. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज पुसून टाकणारं यंत्र कानात घालून रूळ ओलांडणं म्हणजे काय, हे वेगळं लिहायला नको.

पाऊस पडतो, फोन पडतो

जून आला की आयपी रेटिंगची चर्चा सुरू होते. ‘माझा आयपी ६८ आहे, नो टेन्शन!’ टेन्शन घ्या. यातला पहिला ६ धुळीसाठी, दुसरा आकडा पाण्यासाठी. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते कंपनी ठरवणार. ही चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ गोड्या पाण्यात होते. हिंदमाताच्या पाण्यात होत नाही, आणि अलिबागच्या समुद्रात तर नाहीच. फोन दोनदा पडला, स्क्रीन एकदा बदलली, की आतलं सील पूर्वीसारखं राहील याची खात्री नाही. पाण्यानं बिघडलेला फोन वॉरंटीत बसेलच असंही नाही.

माझं पावसाळी गॅझेट म्हणजे किराणा दुकानातली झिपवाली पिशवी. हसा खुशाल. तिच्यात फोन टाकला तरी स्क्रीन चालते, पिशवीतूनच क्यूआर स्कॅन होतो, आणि फाटली तर दुसरी. ती ट्रान्स्परंट, वॉटरप्रूफ, फोल्डेबल आहे, आणि फोल्डेबलसाठी लाखभर मोजावे लागत नाहीत! फोन भिजलाच तर तांदळाच्या डब्यात पुरू नका. २०२४मध्ये ॲपलनंही आपल्या मदतीच्या पानावर तांदूळ नको, बारीक कण आत जाऊन नुकसान करतात, असं सांगितलं. भोक खाली करून हलकेच आपटायचा, हवेशीर जागी ठेवायचा, आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्जिंगला अजिबात लावायचा नाही. तांदळाची खिचडी करा, पावसात छान लागते.

लाइट गेली तरी

आता घरातलं एक यंत्र. बॅगेत नसतं, पण मानकऱ्यांत त्याची खुर्ची पक्की.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी उभ्या. लॉकडाउननंतरचे दिवस, त्यामुळे बहुतेक सगळे घरून काम करणारे. लॅपटॉपला बॅटरी होती, फोनला होती, पण वाय-फाय मेलं आणि चालू मीटिंगमधून माणसं पटापट गळली. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करावा तर सगळ्या इमारतीला एकाच वेळी तीच आयडिया सुचलेली. पुण्याच्या टीमला याचं काही विशेष वाटलं नाही. देखभालीसाठी गुरुवारी लाइट जाणं त्यांच्या पंचांगातच आहे.

त्या दिवशी शांतपणे मीटिंग पूर्ण करणारी आमच्या ग्रुपमधली एकमेव मुलगी होती ती राउटरला छोटा यूपीएस लावणारी. तिला विचारून मी तसाच आणला. एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढा डबा, आत लिथियमचे सेल. भिंतीतला प्लग आणि राउटर यांच्या मध्ये तो बसतो. राउटर जेमतेम दहा-बारा वॉट खातो, त्यामुळे एवढासा डबाही दोन-तीन तास आरामात ओढतो. कॉम्प्युटरचा मोठा यूपीएस बॅटरीची डीसी वीज एसी करतो, मग राउटरचा चार्जर ती परत डीसी करतो, आणि या उलट्यापालट्यात वीज वाया जाते. शिवाय वर टूं टूं टूं. हा डबा थेट डीसी देतो, आवाज नाही, आणि लाइट गेल्याचं राउटरला कळतसुद्धा नाही.

घेताना फक्त राउटरच्या चार्जरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर बघा. बहुतेकांचे १२ व्होल्ट असतात, काहींचे ९. चुकीचा लावला तर राउटरला कायमचा रामराम. आणखी एक पाहून घ्या, तुमच्या घरात फायबर थेट येते का. थेट येत असेल तर कंपनीच्या केंद्रापासून तुमच्यापर्यंतच्या काचेच्या तारेला वाटेत विजेची गरज बहुधा लागत नाही, म्हणून अख्ख्या गल्लीत अंधार असला तरी नेट चालू राहतं. जिन्याखालच्या पेटीत केबलवाल्याचा स्विच असेल, तर मात्र ती पेटी बंद पडली की तुमचा यूपीएस काय करणार? आमच्या सोसायटीतल्या काकांनी केबलवाल्याला गाठून त्या पेटीलाही यूपीएस बसवायला लावला. आता लाइट गेली की सगळे मजले काकांना दुवा देतात, आणि काका ओटीटीवर मॅच बघतात.

एकच काम करणारं

फोनवर पुस्तक वाचता येतं, हे तत्त्वतः खरं आहे. व्यवहारात दुसऱ्या पानावर व्हॉट्सॲप, तिसऱ्यावर बँकेचा मेसेज, आणि दादर येईपर्यंत आपण कुणाच्या तरी मालदीवच्या फोटोंमध्ये. म्हणून ई-रीडर. पहिलं किंडल नोव्हेंबर २००७मध्ये अमेरिकेत आलं, आणि डिसेंबर २०१६पासून मराठी पुस्तकंही त्यावर अधिकृतपणे मिळू लागली. त्याच्या पडद्यामागून प्रकाश डोळ्यांवर येत नाही. काळ्या-पांढऱ्या सूक्ष्म कणांना विजेनं वर-खाली हलवून अक्षरं उमटतात, आणि एकदा उमटली की ती तशीच ठेवायला वीज लागत नाही. पान उलटतानाच काय ती लागते. म्हणून चार्जर आठवड्या-आठवड्यांत आठवतो. गर्दीत एका हातानं कडी आणि दुसऱ्या हातानं सहाशे पानांची कादंबरी, हे कागदाच्या पुस्तकानं जमत नाही. माझ्या वर्षाला पंधरा-सोळा कादंबऱ्या होतात, त्या सगळ्या मध्य रेल्वेवर. मराठी पुस्तकांची निवड इंग्रजीच्या मानानं अजून तोकडी आहे, ही तक्रार प्रकाशकांनी ऐकावी.

स्मार्टवॉचबद्दल मी काठावर आहे. फोन बॅगेच्या तळाशी असताना मनगटावर थरथर झाली की आईचा फोन कळतो, एवढ्यासाठी ते बरं. झोपेला मार्क देणं, ताण मोजणं, हे मला सासूबाईंची आठवण करून देतं. स्वस्तातल्या घड्याळांवरचा ऑक्सिजन आणि ब्लड प्रेशरचा आकडा तर करमणूक म्हणून बघावा. डॉक्टरांकडे जायचं की नाही, हे त्यावर ठरवू नये.

आणि मग ड्रॉवर. आमच्याकडे त्यात सेल्फी स्टिक आहे, पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा आहे, बोलल्यावर रंग बदलणारा बल्ब आहे, मगमधलं पाणी गरम ठेवणारी बशी आहे. ही मंडळी निरुपद्रवी. पण त्यांच्याच खाली जुन्या फोनच्या बॅटऱ्या आणि म्हाताऱ्या पॉवर बँका असतात, त्या नाहीत. त्या ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत त्या चेपल्या जातात आणि चेपलेली लिथियम बॅटरी पेटते. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा घेणाऱ्या संस्थाही बऱ्याच शहरांत ठरलेल्या दिवशी येतात. आमच्या सोसायटीनं अशाच एका संकलनाच्या आदल्या दिवशी वॉचमनच्या केबिनबाहेर पत्र्याचा डबा ठेवला होता. टोकांना चिकटपट्टी लावून आणा, फुगलेली असेल तर डब्यात न टाकता वेगळी सांगा, अशी पाटी वर. संध्याकाळपर्यंत त्यात अकरा पॉवर बँका, चार इअरबड्सच्या डब्या, एक लॅपटॉपची बॅटरी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कागदात गुंडाळून आणलेली एक बीएल-५सी जमा झाली.